आईची शाल आणि हीट गन

३ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद, पण आज हात जरा आखडता घेऊन.

आईच्या कपाटाचा जुना रंग काढून देतो म्हणालास, म्हणून तुला बोलावलं. गरम हवेच्या त्या हीट गनने अर्धं दार सोललंस, खरवडायची पट्टी आणायला खाली गेलास आणि दुकानातून फोन आला म्हणून तिथूनच पसार झालास. संध्याकाळी खालचा खण उघडला तर जळका वास. आईच्या शालीला वाटीएवढं भोक, आणि वर तुझी गन ऐटीत पहुडलेली, वायर नीट गुंडाळून, रबर लावून. वीस वर्षं फर्निचर दुरुस्त करतोस, तापलेली वस्तू कापडावर ठेवू नये एवढं कळत नाही? घर पेटलं असतं तर? आईच्या अंगावरची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे होती. हे म्हणाले, चुकून झालं असेल, जाऊ दे. मी नाही जाऊ देणार. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस.

लोभ तूर्त आवरता घेतला आहे.

तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस, सा. न., आणि शांतपणे वाचावंस ही विनंती.

शालीचं वाचून फार वाईट वाटलं. पण ताई, मी गन फरशीवर उभी ठेवली होती, गार हवेवर चालू. तिचं तोंड निवेपर्यंत पाच-दहा मिनिटं तशीच चालवावी लागते. तडक बंद केली तर ती कितीतरी वेळ चटका देते. चालू सोडून खाली जायला नको होतं, ही माझी चूक, पदरात घे. पण वायर गुंडाळून रबर लावलेलं? मी आयुष्यात एक वस्तू जागेवर ठेवली नाही, हे तूच सगळ्या नातेवाइकांना सांगत असतेस. न केलेल्या गुन्ह्यासाठी मला घराबाहेर काढतेस याचा मला फार राग आलाय.

लोभही आवरून खणात ठेवला असशील तर बाहेर काढावास.

तुझा धाकटा

१२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, मागची बाकी धरून.

तुझं पत्र वाचून आधी संतापले. मग मनगटाकडे लक्ष गेलं. मी शाळेतल्या वह्यांच्या गठ्ठ्यांना लावायची रबरं तिथे घालते ना, तसलंच ते रबर. बोटाला फोड आला होता, तो तव्याचा म्हणून मी सोडून दिला होता. काहीतरी घरघरत पडलेलं दिसलं असेल, मी बटण बंद केलं असेल आणि उचलून ठेवलं असेल. मला आठवतसुद्धा नाही. पसारा दिसला की माझे हात मला विचारत नाहीत.

तरी चालू मशीन सोडून जाणारा तूच, तो राग मी सोडलेला नाही. रविवारी ये आणि दार पुरं कर. खिडक्या उघडून ठेवते, तोंडाला बांधायला फडकी काढते. गनला मी हात लावणार नाही, तू सांगेपर्यंत खुर्चीवरून उठणारही नाही.

शाल धुतली. घडी घालून खणात ठेवायला निघाले आणि ठेववेना. चार दिवस झाले, ती खुर्चीच्या पाठीवर तशीच पडली आहे, आई टाकायची तशी.

लोभ खणातून काढला आहे, येऊन घेऊन जा.

तुझी ताई