ओवीची तिरकी धाव

प्रिय तेजू,

चार दिवसांत तुला तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा "जेवलीस का" एवढंच विचारून ठेवून दिला. तुला नवल वाटलं असेल. खरं सांगू, चार दिवस मी एका जागी बसलेले नाही. भांडी घासलेलीच पुन्हा घासते.

आपल्या मुलींनी फुटबॉलची जिल्ह्याची फायनल मारली, हे ओवीनं फोनवर सांगितलंच असेल. एक-शून्य. आपण खेळायचो तेव्हा सर सगळ्यांना आपल्याच गोलसमोर उभं करायचे, आठवतं? चेंडू आला की लांब भिरकावायचा, बस्स. मी तेव्हाच ठरवलं होतं, कधी शिकवायची वेळ आली तर माझ्या मुली अशा वाट बघत उभ्या राहणार नाहीत. चार मागे, तीन मध्ये, तीन पुढे. चेंडू गेला की मागे पळायचं नाही, जिच्याकडे गेला तिच्यावरच तुटून पडायचं. मागच्या चौघींनीही मैदानाच्या मध्यापर्यंत चढायचं. धोका एकच. पुढची एक जरी थांबली तर चेंडू तिथून सुटतो, आणि आपल्या पाठीमागे अर्धं मैदान मोकळं.

पुढच्या तिघींत मधली तुझी लेक, ओवी. पहिली धाव तिची. समोरच्या गोलकीपरकडे ती सरळ जात नाही, तिरकी जाते. मधली वाट बंद झाली की चेंडू कडेलाच द्यावा लागतो, आणि तिथं आपल्या दोघी टपलेल्या असतात. तेजू, पोरगी लई हुशार आहे गं. समोरचीनं मान वळवायच्या आत ही निघालेली असते.

सामना दुपारचा, ऊन मी म्हणत होतं. दुसऱ्या हाफमध्ये वळताना ती एकदम खाली बसली. उठली, लंगडत कडेला आली. मैदानावर ती मला मॅडम म्हणते, मावशी फक्त घरी; पण त्या वेळी हळूच म्हणाली, "मावशी, गुडघ्यात कायतरी वाजलं." बदली मुलगी अंग गरम करून माझ्या शेजारीच उभी होती. तिला ती तिरकी धाव जमत नव्हती. मी ओवीला विचारलं, "पळता येतंय का?" तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला कुठलं उत्तर हवंय ते तिला कळलं असावं. म्हणाली, "व्हय, पळते की."

पुढं पंधरा मिनिटं मी "चढ, ओवी, चढ!" म्हणून ओरडत होते आणि ती दर वेळी जात होती. शेवटच्या वेळी ती अंगावर येताना बघून गोलकीपर गडबडली, चेंडू आपल्या दुसऱ्या मुलीच्या पायात आला आणि गोल झाला. सगळ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मीही नाचले. ओवी जिथं होती तिथंच बसून होती, हे मला बऱ्याच वेळानं दिसलं.

तिनं तुला सांगितलं, जिन्यात पाय मुरगळला. तसं नाही. गुडघ्यातलं लिगामेंट तुटलंय, ऑपरेशन करावं लागणार. वर्षभर तरी खेळ बंद. मी डॉक्टरांना विचारलं, पहिल्यांदा दुखलं तेव्हाच थांबली असती तर? ते म्हणाले, कदाचित इतकं झालं नसतं.

ऑपरेशनच्या कागदावर तुझी सही लागेल, आणि ती तू खोट्या गोष्टीवर करू नयेस. तुझ्यासमोर मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहिलं. सकाळच्या एसटीनं नातेपुत्याला येते, पत्र तुझ्या हातात देते आणि तुझं वाचून होईपर्यंत समोर बसून राहते. मग तुला जे बोलायचं ते बोल. ओवीला माझ्याकडून घेऊन जायचं असेल तर तेही सांग. फक्त खोटं बोलली म्हणून तिला रागावू नकोस. तू मला बोल लावशील, या भीतीनं खोटं बोलली ती.

तुझीच,
धम्मप्रिया