कडब्याखालची समाधी

सिंगणवाडी, जि. परभणी
४ फेब्रुवारी २०२४

ती. महेश्वरीअक्कास,
शिवकांतचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहायलोय म्हणून हसू नको. फोनवर बोललं की अव्वा कान देती, अन् हे तिच्या कानावर जायला नको. नगरपंचायतीनं पुढच्या वीस वर्षांच्या विकास आराखड्याचा नकाशा भिंतीवर लावलाय. आपल्या ओढ्याकाठच्या वावरात भाजी मंडई दाखवली. अप्पांची समाधी नेमकी मंडईच्या फाटकात येती. शेजारी अव्वानं स्वतःसाठी राखलेली जागाही गेली. नकाशात समाधीचं नावनिशाण न्हाई. माझी तर मतीच गुंग झाली.

हरकत घ्यायला महिना दिलाय. काय करू, कळव. दाजींना नमस्कार, भक्तीला पापा.

तुझा भाऊ,
शिवकांत

सोलापूर
११ फेब्रुवारी

चि. शिवकांतास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अरे, मोजणीवाले आले तेव्हा तू काय झोपला होतास? दर सोमवारी अव्वा सारवते, बेल वाहते, ती समाधी त्यांना दिसली नाही? अप्पांना माती देणारे जंगमस्वामी आणि शेजारच्या दिनकररावांना साक्षीला घे अन् हरकत टाक. अप्पा गेल्यापासून अव्वाचं एकच मागणं, मी गेल्यावर मला त्यांच्या डाव्या अंगाला बसवून माती द्या. तेवढंही आपणा लेकरांच्यानं होऊ नये का रे?

जिवाला जप. अक्कावर रागावलास तरी माया पातळ होऊ देऊ नको.

महेश्वरी

सिंगणवाडी
२० मार्च

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

सुनावणी झाली. नगरपंचायतीच्या साहेबांनी मोजणीच्या दिवसाचा फोटोच पुढं केला. समाधीच्या जागी कडब्याची गंजी! तुमच्या आईनंच जागा रिकामी सांगितली, म्हणाले. स्वामींची साक्ष तशीच राहिली. हरकत फेटाळली.

घरी येऊन अव्वाला विचारावंच लागलं. गल्लीतल्या धुरपताबाईनं तिला भरवलं होतं म्हणे, समाधी दिसली की सगळं वावर गावाच्या मसणवट्याला जातंय. मोजणीच्या दिवशी मी परभणीला गेलेलो. या वयात तिनं एकेक पेंडी वाहून समाधी झाकली, साहेबांना ताक पाजलं, अन् ते गेल्यावर कडबा परत उचलला. हे सांगितल्यापासून ताटावर बसेना. तू लगेच ये.

शिवकांत

सिंगणवाडी
७ मे

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

अव्वाला पिंगळीत, मामांच्या मळ्यात माती देऊन तू गेलीस, तवापासून घर खायला उठतंय. ती असताना, तुला अप्पांजवळच ठेवतो म्हणून मी लय भांडलो तिच्याशी. मंडई व्हायला वर्षं लागतील म्हणलं. तुझ्यासमोरच ती म्हणाली ना, ज्यांच्यावर मी कडबा रचला, त्यांच्याजवळ आता कोणत्या तोंडानं बसू? अक्का, ते शब्द काळजातून जाईनात.

काल सोमवार होता. मीच समाधी सारवली. तिच्या जागेवर हात थांबला, मग तीही सारवली. नकाशात ती रिकामीच होती. आता खरंच रिकामी राहिली गं.

आता तूच मोठी. येत जा.

शिवकांत