सुनीतातली ओळ नाटकात

शनिवार, संध्याकाळ

आज खेडला ह्यांच्या नव्या नाटकाची तालीम पाहिली. नायक बायकोला म्हणाला, "तू नसलीस की घर हळू बोलतं." मी चमकलेच. मी बाळंतपणाला माहेरी गेले होते, तेव्हा ह्यांनी माझ्यासाठी लिहिलेल्या चौदा ओळींच्या सुनीतातली ही शेवटची ओळ. माझी ओळ, आणि ऐकवली त्या नटीला? राग आला का मला? आला, थोडासा.

परतताना एसटीत विचारलंच. हे गोंधळले. "मुद्दाम नाही गं घेतली. नवरा-बायकोचं बोलणं लिहायला बसलो की समोर तूच येतेस."

मग आठवलं, आधीच्या नाटकांतल्या नायिकाही ह्यांनी मला लिहिलेल्या इतर सुनीतांतलंच ऐकत होत्या. इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या, आणि हे बोलणं माझ्याशीच चाललंय, हे मला कळलंच नाही.