मागची खोली बिजलीला नव्हे, माझ्या नातीला

मी, खाली अंगठा नव्हे तर सही करणारी, वय झालेली पण डोकं शाबूत असलेली बाई, राजीखुशीने लिहून ठेवते, की माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचं पुढीलप्रमाणे व्हावं. कुणी माझा हात धरून लिहवून घेतलेलं नाही. धरला असता तर अक्षर बरं आलं असतं.

१. राहतं घर मुलाचं, मागची खोली सोडून.

२. बँकेत जे असेल ते सुनेचं. ती बोलते ते तोंडावर बोलते, म्हणून.

३. जाऊबाईंना माझा आरसा. "या वयात गाणाऱ्या पोराचं वेड?" म्हणाल्या होत्या. हो, आहे! त्याच्या चाहत्यांचे निळे झगे मीच शिवते. दोरीवर टांगले की पंख्याच्या वाऱ्याने हलतात, नि वाटतं, आपलं मशीन ढगात ठेवलंय. एकदा त्यांनी मलाही त्याच्या कार्यक्रमाला नेलं. अंधारात सगळं निळं निळं, नि त्यात मी म्हातारी पिसासारखी हलकी. काय सांगू!

४. मागची खोली, शिलाई मशीनसकट, नातीला. चाहत्यांत ती 'बिजली'. फोनवर व्हिडिओ टाकून अशी हसवते की लोकांचा दिवस सरतो. पण तिचा झगा मला दर खेपेला कमरेत टीप मारून आत घ्यावा लागायचा. विचारलं, तर म्हणाली, "आजी, घास उतरत नाही गं. आणि बिजलीला रडून चालत नाही."

म्हटलं, "मग तिला बाहेर चपलांपाशी ठेव नि तू आत ये."

तेव्हापासून येते. फोन बाहेर ठेवते. कधी रडते, कधी दोन घास खाते.

मुलाला ही खोली भाड्याने द्यायची आहे. बाबा रे, भाडेकरू कुठेही राहील, पोरगी कुठे जाईल? सबब खोली भाड्याने देऊ नये, विकू नये. नातीने शिवण शिकावं अशी अट नाही. नुसती लोळली तरी खोली तिचीच.

साक्षीला तिलाच बसवणार होते. वकीलसाहेब म्हणाले, "आजी, जिला मिळायचं तिची सही चालत नाही." बरंच झालं. चिंध्यांच्या ढिगावर झोपलीये, बिजलीला मुळीच शोभणार नाही अशी घोरत.

ठिकाण : मागची खोली.
दिनांक : त्या पोराच्या कार्यक्रमानंतरचा दिवस, दुपार. आकडा वकीलसाहेब घालतील.
सही : आजी

साक्षीदार :
१. शेजारच्या नर्सबाई
२. चाहत्यांचा ढोलवाला. "बिजली कुठाय?" असं ओरडतच आला होता. आत पाहिलं, नि जन्मात पहिल्यांदा हळू बोलला, "आजी, सही कुठे करू?"