आईचं गंगावण

सिडको, नाशिक

तीर्थरूप कुसाअक्का,

धाकट्या रंगनाथचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि तुमचा कांदा, तिघांची तब्येत बरी असावी. आईला मी सायखेड्याहून नाशकाला आणली म्हणून तू फोन उचलत नाहीस. पत्र निदान फोडावं तरी लागतं, म्हणून हा खटाटोप.

माझ्या नोकरीबद्दल तू गावात 'तो भट्टीवर असतो' एवढंच सांगतेस (लोकांना ती विटांची वाटते, तेही फार चूक नाही). इंजिनाच्या पोटात बसणारा, चिनीमातीसारखा भाग आम्ही भाजतो. तो ठिसूळ, म्हणून आत केसाहून बारीक काळे धागे घालायचे. त्या आचेत हवा धागे खाते, म्हणून त्यांना ऑक्साइडचा पातळ लेप. शिवाय लेपामुळे धागा भोवतीच्या मातीला घट्ट चिकटत नाही. चिकटला, तर मातीला गेलेला तडा धागाही तोडून जातो. आईला हे समजावलं तर म्हणाली, "म्हंजे सासूसुनेचंच की. जरा अंतर ठेवलं का टिकतं." (आमच्या साहेबांना एवढंच सांगायला अख्खी दुपार लागते, वर चहा.)

तर एका रिळावर लेप आमच्या कॉलनीतल्या डांबरासारखा बसला, कुठे ढीग, कुठे नुसती खडी. बाद झालेलं ते रीळ आईला दाखवायला आणलं आणि कपाटावर विसरलो. औषधांनी केस गेल्यापासून ती आरशाकडे बघत नाही, हे तुला कोण सांगणार? एका संध्याकाळी कामावरून आलो, तर आई आरशापुढे! शेजारच्या विमलाबाईंनी माझ्या रिळाचं गंगावण वळून तिच्या डोक्याच्या रुमालाला टाचलेलं. कमरेपर्यंत काळीभोर वेणी. तुटके धागे टोचून दोघी खाजवत होत्या, पण काढायला एकही तयार नाही.

"अगं, केस नाहीत ते! भट्टीतसुद्धा जळत नाहीत," मी ओरडलो.

"मग तर लय झाक!" आई म्हणाली. "उद्या सरणावर ही बयाबाई जाईल, वेणी राहील. बाया म्हनतील, म्हातारी गेली, पन केस बघा कसे घट्ट!"

विमलाबाई हसता हसता पदरात तोंड घालून बसल्या, त्या वर बघेनात. मी हातपाय धुवायला गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. आणि अक्का, माणसाला नोकरी कुठवर नेते बघ, मी तिथे लाकडाच्या आचेचा हिशेब करत होतो. भट्टीपुढे ती आच काहीच नाही, वेणी खरंच राहील. लेप नीट बसला असता तर आणखी चांगली राहिली असती.

आता मानेपाशी मलमलचं अस्तर शिवलंय. टोचत नाही म्हणते.

तुझा,
रंगनाथ

ता. क. : दुखण्याचं काही लिहू नको, गमतीचं लिही, असं आईनं बजावलं होतं. म्हणून वरचं सगळं गमतीचं. डॉक्टरांनी औषधं बंद केलीत. घरीच ठेवा, मागेल ते खाऊ घाला, म्हणाले.

आणखी ता. क. : कांदा दाजी बघतील. तू ये. "कुसाला कामातून उठवू नको" असं ती मला दटावते, आणि सायखेड्याची पहिली गाडी किती वाजता येते ते विचारते. मी सांगतो. थोड्या वेळानं पुन्हा विचारते.