राऊटर बॅगेत होता

स्पृहा,

तुझा सेकंडहँड लॅपटॉप टेबलावर ठेवला आहे. राऊटर दुरुस्तीले दिला म्हटलं होतं, ते खोटं. रोज बॅगेत घालून मीच लोहाऱ्याले कामावर नेत होतो. तुझा फोन साधा, बिननेटचा, तरीबी तू दुपारभर ऑनलाइन दिसे. मले वाटलं, वरच्या खोलीतला अंकुर तुले हॉटस्पॉट देऊन राह्यला. म्हणून काल जिन्यात त्याची कॉलर धरली.

लॅपटॉप जिथून घेतला, त्याच दुकानात आज तो खोलला, तर आत सिम निघालं. मोबाईलसारखं त्याले स्वतःचं नेट आहे म्हणे. सिम आधीच्या मालकाचं, अजून चालू. लॅपटॉप कुठं आहे, हे त्या मालकाले घरबसल्या कळू शकते, असं दुकानदार म्हणे. लॅपटॉप घेऊन तू बोरीले माहेरी पोचली का, हे मले फोन करून विचारा लागे, अन् त्या माणसाले आयतं दिसत असन. दोनदा विचारलं, दुकानदारानं त्याचं नाव सांगतलं नाही. सिम मी कात्रीनं कापून टाकलं.

राऊटर जागेवर लावला आहे. भाजी गरम करून घे.

मी वर अंकुरची माफी मागाले गेलो आहे. तू येऊ नको.

अवधूत