तिसरं ताट

ग्रूनवोग, १६ सप्टेंबर १९८०

ती. बोर्गहिल्ड वन्सं यांस,
हिल्डुरचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. उन्नीला नवा कोट घेतलात, बरं झालं. ती उंच झालीय असं लिहिलंत, ते वाचून भिंतीवरची तिची जुनी खूण बघून आले. इथे सगळं ठीक. बटाटे काढून झाले. गोठ्याच्या छपराचा पत्रा वाऱ्यानं उचलला होता, तो शेजारच्या आन्स्गारनं ठोकून दिला आणि वर मलाच बोलला की असा पत्रा तर त्याच्या आजीनंसुद्धा घट्ट बसवला असता.

एक नवीन सांगायचं म्हणजे दर मंगळवारी संध्याकाळी शाळेच्या वाचनालयात कथालेखनाचं मंडळ भरतं, त्यात मी नाव घातलंय. आम्ही सातजण आहोत. शाळेचे मास्तर शिकवतात. त्यांचा एकच कडक नियम आहे. ज्याची कथा वाचली जाते, त्यानं चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. विणकाम चालतं. मला तो नियम आवडला. गप्प बसायचे मला आता कष्ट पडत नाहीत.

का गेले ते सांगता येत नाही. तुमचा भाऊ ओड्वार जाऊन दीड वर्ष होऊन गेलं. रडू येत नाही, हसूही येत नाही. भांडी घासते तेव्हा पाणी कढत आहे की गार, ते हात लाल झाल्यावर कळतं. तुम्ही तीस वर्षं साप्ताहिकात क्रमशः कथा लिहिल्यात, म्हणून माझी पहिली कथा तुम्हाला पाठवते. हसलात तरी चालेल.

उन्नीनं दोन ओळी लिहिल्या तर बरं, पण आग्रह करू नका. लोभ आहे तसाच राहू द्या.

आपली,
हिल्डुर

बर्गन, २४ सप्टेंबर १९८०

चि. हिल्डुर हिस,
बोर्गहिल्डचे अनेक आशीर्वाद.

हसले खरी. चांगली पोट धरून हसले. बाई गं, तू पॅरिसला कधी गेलीस? तो वैमानिक तुला कुठे भेटला? पहिल्या पानावर अकरा ओळी नुसता पाऊस, आणि मग ती तुझी विधवा चार पानांत नऊ वेळा रडते. मोजलं मी. तीच इतकी रडते की वाचणाऱ्याला रडायला काही उरतच नाही.

आता रागावू नकोस आणि ऐक. मला तीस वर्षांत कळलंय ते फार थोडं आहे. माणूस काय भोगतोय ते सांगू नये, हातानं काय करतोय ते सांगावं. दुसरं म्हणजे, वाचकाला एखादी गोष्ट आधीच कळू द्यावी. पाहुण्याच्या खिशात काय आहे ते वाचकाला ठाऊक असलं, की पाहुणा नुसता टोपी काढून हातात फिरवत बसला तरी वाचक खुर्चीवरून हलत नाही. तुझ्या स्वयंपाकघरातलं काहीतरी लिही. तिथे तुला कुणी फसवू शकत नाही.

उन्नीचा अभ्यास बरा चाललाय. खाते चांगली, बोलते कमी. तुझं पत्र आलं की आई बरी आहे ना एवढं विचारते, आणि मी उत्तर देईपर्यंत तिच्या खोलीचं दार लागलेलं असतं. नाताळालाही इथेच राहीन म्हणते. मागच्या वर्षी तेच, यंदाही तेच. तुम्हा मायलेकींत काय बिनसलंय ते मी विचारलेलं नाही. आमच्या घरात विचारायची पद्धत नव्हती, आणि तुझा नवरा तर त्या घरातला सगळ्यात मुखदुर्बळ.

प्रकृतीला जप. माझी टिंगल मनावर घेऊ नकोस, ती लोभापोटीच आहे.

तुझी,
बोर्गहिल्ड

ग्रूनवोग, ८ ऑक्टोबर १९८०

ती. बोर्गहिल्ड वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसं लिहिलं. कागद सोबत आहेत. बाईचं नाव आन्ना ठेवलंय, बाकी काही बदलायला सुचलं नाही. दुपारी तीनच्या सुमाराला दार वाजतं आणि दारात पाद्रीबुवा उभे. ते असे न सांगता, कामाच्या दिवशी, पांढरी कॉलर घालून आले की आपल्या किनाऱ्यावर काय समजायचं ते तुम्हाला सांगायला नको.

वन्सं, हे मी जवळजवळ कुणालाच बोललेले नाही. त्या दिवशी मी त्यांना बोलू दिलं नाही. ते नवीन होते, तरुण, दक्षिणेकडचे. कुणी कप भरला तर नको म्हणू नये, हे त्यांना घरून शिकवलेलं असणार. मी कॉफी ओतत राहिले. गोड वाफेल भाजायचा लोखंडी साचा कसा चिकटतो ते सांगत बसले, हातांनी त्याचा आकारसुद्धा करून दाखवला. ते तोंड उघडायचे, मी साखर पुढे करायची. त्यांनी म्हटलेलं नव्हतं ना अजून. त्यांनी म्हटलेलं नव्हतं तोवर ओड्वार होता. असा एक तास गेला. चौथ्या कपाला माझ्याजवळचं बोलणं संपलं. मग त्यांनी सांगितलं, की बंदराच्या तोंडाशी बोट उलटली.

लिहिताना मला काही वाटेल असं वाटलं होतं. काही वाटलं नाही. हात मात्र नीट चालला. चुका असतील त्या लाल शाईनं दाखवा.

लोभ कमी होऊ देऊ नका, एवढंच मागणं.

आपली,
हिल्डुर

बर्गन, १५ ऑक्टोबर १९८०

चि. हिल्डुर हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझे कागद मी दोनदा वाचले. पहिल्यांदा या धंद्यातली जुनी बाई म्हणून. कथा चांगली झालीय, हिल्डुर. मी साखरेच्या भांड्याकडे बघत राहिले आणि पोळीचा वास आला तेव्हा उठले, तर पोळी करपलेली. शेवटचा परिच्छेद तेवढा काप. तिचं जग संपलं, हे वाक्य कुठल्याही बाईला चालतं. तुझी आन्ना कप विसळते तिथेच थांब.

दुसऱ्यांदा बहीण म्हणून वाचले. तुझा राग आला, खोटं कशाला बोलू. माझा भाऊ पाण्यात होता आणि ही वाफेलचं बोलत बसली, असं वाटलं. तो राग संध्याकाळपर्यंत टिकला. मला ती बातमी टेलिफोनवर कळली होती. मी आभारी आहे असं म्हणून फोन ठेवला आणि उरलेले पडदे इस्त्री केले. तुझ्यासारखा एक तास मला कुणी दिला असता, तर मी तो घेतलाच असता.

मंडळात वाच. नाव आन्नाच ठेव. तब्येतीला सांभाळ आणि मला परकी समजू नकोस.

तुझी,
बोर्गहिल्ड

ग्रूनवोग, २९ ऑक्टोबर १९८०

ती. बोर्गहिल्ड वन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

काल मंडळात मास्तरांनी माझी कथा वाचली. आन्ना कोण ते बाकी सहाही जणांना ठाऊक होतं, पण कुणी माझ्याकडे बघितलं नाही. सगळे आन्नाबद्दलच बोलले, परगावच्या बाईबद्दल बोलावं तसं. मी विणत होते. मास्तर म्हणाले, की वाचकाला ताटकळत ठेवणं हिला साधलंय. आन्स्गारला पाद्रीबुवांची चीड आली. असला बुळा पाद्री आपण बोटीवर तासभरही ठेवला नसता, असं तो म्हणाला. सगळे हसले.

पोस्टातली गेर्द सगळ्यात शेवटी बोलली. तिनं विचारलं, की आन्ना पाद्रीबुवांचा कप ठेवायला एक ताट बाजूला सरकवते, म्हणजे टेबलावर तीन ताटं मांडलेली आहेत. एक नवऱ्याचं, एक तिचं. तिसरं कुणाचं? आणि ज्याचं आहे ते माणूस तासभर होतं कुठे?

वन्सं, ते ताट मी मुद्दाम नाही घातलं. त्या दिवशी ते टेबलावर होतं म्हणून कागदावर आलं. मला उत्तर द्यायचं नव्हतंच, नियम आहे. मी टाके मोजले. मास्तर म्हणाले, की हीच कथा पुढच्या वेळी त्या तिसऱ्या माणसाच्या बाजूनं लिहून आणा.

मी घरी येऊन कागद घेतला. शाळा अडीचला सुटली, एवढं लिहिलं. पुढे मला काही माहीत नाही. उन्नीला कुणी सांगितलं, कुठे सांगितलं, मी कधी विचारलंच नाही. पाद्रीबुवा गेले आणि ती आत आली. खांद्यावर बर्फ होतं. मी बटाटे सोलत होते. मी तिला हात धू म्हटलं. तेव्हापासून आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललेलो नाही. तुम्हाला काही माहीत असेल तर कळवा. ती पोर मला सोडून गेली आहे असं मला वाटतं, आणि तेही मी असं लिहितेय जसं काही दुकानात साबण संपलाय.

लोभ ठेवा. मला त्याची गरज आहे.

आपली,
हिल्डुर

बर्गन, ४ नोव्हेंबर १९८०

चि. हिल्डुर हिस,
अनेक आशीर्वाद.

मला काही माहीत नाही. सव्वा वर्ष पोर माझ्या घरात आहे आणि मीही विचारलं नाही, म्हणजे आपण दोघी सारख्याच शहाण्या. ती या क्षणी पलीकडच्या खोलीत आहे. तुझ्या वतीनं मी विचारावं असं तुझ्या मनात असेल, तर ते मी करणार नाही. मी कथेत पात्रांच्या तोंडी शब्द घालते, माणसांच्या नाही.

कल्पनेनं लिहू नकोस. तुला कल्पना बरी करता येत नाही, पॅरिस बघितलंय मी. तिलाच विचार. तुझी हरकत नसेल तर तुझे कागद तिला वाचायला देते. नसेल असंच धरून चालते.

आशीर्वाद आहेतच, शिवाय थोडी दटावणीही.

तुझी,
बोर्गहिल्ड

ग्रूनवोग, ९ नोव्हेंबर १९८०

चि. उन्नीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

आत्यानं तुला कागद दिले असतील. त्यातली आन्ना मी आहे. तिसरं ताट तुझं.

मंडळात मला तुझ्या बाजूनं लिहायला सांगितलंय. मला ती बाजू माहीत नाही. त्या दिवशी शाळा सुटल्यापासून तू आत येईपर्यंत कुठे होतीस, हे मी त्याच दिवशी विचारायला हवं होतं. आज विचारते. कथेसाठी नाही. कथा नाही झाली तरी चालेल. रागानं लिहिलंस तरीही लिही.

तुझी,
आई

बर्गन, १७ नोव्हेंबर १९८०

ती. आईस,
उन्नीचा नमस्कार.

मला गेर्दनं सांगितलं. मी पोस्टावरून येत होते, ती बाहेर आली, माझे दोन्ही खांदे धरले आणि सांगितलं. तिला माझ्याबरोबर यायचं होतं, मी नको म्हटलं. मला तुझ्याकडे यायचं होतं. मी पळत आले.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून तू दिसलीस. पाद्रीबुवांची पाठ दिसत होती. तू कॉफी ओतत होतीस आणि हातांनी काहीतरी गोल करून दाखवत होतीस. तो वाफेलचा साचा होता हे मला आता कळलं. मला वाटलं, ह्यांनी अजून सांगितलेलं नाही, आईला अजून माहीत नाही. मी आत गेले तर माझं तोंड बघून तुला कळेल. म्हणून मी गेले नाही. लाकडाच्या ढिगाशी उभी राहिले. जितका वेळ मी बाहेर, तितका वेळ तुझ्यापुरते बाबा आहेत, असं माझं गणित होतं. पाय बधिर झाले होते, पण मला ते बरं वाटत होतं. तुला काहीतरी देतेय असं वाटत होतं.

अंत्यविधीनंतर घरी सगळ्यांना कॉफी दिली, तेव्हा मी कप घेऊन आत आले. तू मावशीला सांगत होतीस, की कॉलर बघितली तेव्हाच तुला कळलं होतं. म्हणजे तुला माहीत होतं. तू आत होतीस, माहीत असून, आणि मी बाहेर होते. मग मी उभी राहिले कुणासाठी? तू एकदाही खिडकीकडे बघितलं नाहीस. त्याचा मला इतका राग आला की तुझ्याशी काय बोलावं तेच कळेना, आणि नंतर न बोलण्याची सवयच झाली.

तुझे कागद वाचून राग गेला असं नाही. पण तूही तेच करत होतीस, एवढं समजलं. दोघी एकाच माणसाला धरून उभ्या होतो, तू भिंतीच्या त्या बाजूनं आणि मी ह्या बाजूनं.

हे मंडळात वाचायचं असेल तर वाच. मी शनिवारच्या बोटीनं येते आहे. धक्क्यावर येऊ नकोस, घरीच थांब. मी बाहेर थांबणार नाही, सरळ आत येईन.

तुझी,
उन्नी